काळमाचीची पहिली टोपली

माजिवड्यात सेसिलियाला तोंडावर सगळे ‘सेसिलबाय’ म्हणत आणि पाठीमागे ‘डोंगरीण’. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेच तिला जास्त आवडे. खाडीकाठी भात पिकवणाऱ्या ख्रिस्ती वाडीतली ही बाई आठवड्यातले सहा दिवस मलंगगडाच्या शेजारच्या डोंगरावर राही, रविवारी मिस्सेला तेवढी खाली उतरे. आणि वर करे काय, तर कॉफी लावे. कॉफी! वाडीत त्या कॉफीचा घोट कोणी घेतला नव्हता. म्हाताऱ्या नॉर्मनला तर ते कुठलंसं औषध वाटे.

हे खूळ तिच्या बापाचं. इनास रेल्वेच्या घाटकामावर सुरुंगवाल्यांचा मुकादम होता. तिथल्या एका इंजिनिअराने त्याला काळा दगड हातात देऊन सांगितलं होतं, “इनास, हा डोंगर म्हणजे थिजलेली आग आहे. जमिनीच्या पोटातून वितळून वर आला आणि गार झाला. असा दगड कुजून जी माती होते ना, तिच्यात कॉफी लाव, सोनं पिकेल.” दुसरा कोणी असता तर मान हलवून विसरून गेला असता. इनास विसरला नाही. पुढे त्याच साहेबाबरोबर तो दक्षिणेत रस्त्याच्या कामाला गेला, तिथले मळे बघून आला, आणि येताना ओलसर राखेत घातलेलं बी घेऊन आला. कॉफीचं बी भारी नखरेल. उन्हात कडकडीत वाळवलं की मेलं, फार दिवस ठेवलं की मेलं. इनास कल्याणच्या स्टेशनावर उतरला तो घरी न येता तडक डोंगरावर गेला.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. डोंगराच्या अंगावर अडीच हजार फुटांवर काळमाची नावाची एक सपाटी होती, पडीक. सरकारातून ती इनासला मिळाली, पण एका अटीवर. सात वर्षांत बाग उभी करून फळ दाखवायचं. सातव्या वर्षाअखेर अंमलदार येईल, जातीतल्या दोन माणसांच्या तोंडून बाग कोणी कसली ते विचारील, आणि ज्याने कसली त्याच्या नावावर जमीन कायमची चढेल. कसणाऱ्याचं नाव लागलं नाही तर काळमाची हातची गेली.

पहिली लावण पावसाने धुऊन नेली. दुसरी लावण करून तिसऱ्या वर्षी इनास तापाने गेला. जाताना सेसिलियाचा हात धरून म्हणाला, “पोरी, झारं सोरू नको.” झाडं सोडू नकोस, एवढंच. गिल्बर्टला सांभाळ असं त्याला सांगावं लागलं नाही, कारण ते ती सोळाव्या वर्षापासून करतच होती. त्यांची आई गिल्बर्टच्या बाळंतपणात गेली. तेव्हापासून सेसिलियाने त्या पोराला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिला दोन स्थळं सांगून आली, दोन्ही तिने परत पाठवली, कारण गिलूचं कोण करणार? गिलू शिकला, ठाण्यात एका वकिलाकडे लेखनिक झाला, पायात बूट घालू लागला. बुटांचा तिला केवढा अभिमान! वाडीत पहिले बूट तिच्या गिलूचे.

आता तिच्या डोंगरावरच्या कामाचं काय सांगावं? तीनशे झाडं. त्यांना भर ऊन सोसत नाही म्हणून मधूनमधून पांगारे लावलेले. पायथ्याच्या ठाकरवाडीतली ठमाबाई तिच्या सोबतीला असे. दोघी मिळून खड्ड्यांत पालापाचोळा भरत, पावसात माती वाहू नये म्हणून दगडांचे बांध घालत. पण खरं काम चैत्रातलं. कॉफीची कळी मोठी हट्टी. चैत्रात एकदा मुळापर्यंत पाणी प्यायल्याशिवाय ती उघडत नाही. दक्षिणेत त्या दिवसांत वळीव येतो, आपल्याकडे थेंब नाही. मग दोघी कातळातल्या टाक्यावरून हंडे आणत. तीनशे झाडं, झाडामागे दोन हंडे, आणि टाक्यापासून बागेपर्यंत चढ. सेसिलियाच्या मानेवर हंड्यांनी घट्टे पडले होते. दहा दिवसांनी सगळी माची पांढरीशुभ्र फुले आणि असा वास सुटे की ठमाबाई म्हणे, “बाय, आपुन मेलो का काय? ह्यो तं सर्ग!”

गिल्बर्ट वर्षातून एकदा वर येई. पांगाऱ्याखाली बसून वारा खाई, पाय दुखले म्हणून कुरकुर करी, आणि बहिणीच्या हातची भाकरी खाऊन उतरे. “सरकारी कागदाचं मी बघतो, बाय. तुला त्यातलं काय कळायचं?” असं मात्र दर वेळी सांगून जाई. आणि तिला बरं वाटे. भाऊ शिकलेला असल्यावर बहिणीने कागदाची काळजी का करावी?

सातव्या वर्षी डिसेंबरात फळं लाल झाली.

आता इथे वाडीची एक रीत सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच फिरते. ऑक्टोबरात भात तयार झालं की आगेरा होई. शेतातली पहिली कणसं टोपलीत घालून, ती डोक्यावर घेऊन, अनवाणी चर्चात जायचं. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला की मगच घरात नवा तांदूळ शिजायचा. हे सगळीकडेच होतं. पण ह्या वाडीत टोपली कोणी न्यायची ते पक्कं होतं. त्या वर्षी ज्याने ते शेत कसलं त्यानेच. दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. कागदपत्र वाडीत कोणाजवळ फारसं नव्हतं, म्हणून उद्या बांधावरून तंटा झाला की म्हातारी माणसं एवढंच विचारत, “टोपली कोनाचे डोस्क्यावर होती?” उत्तर मिळालं की तंटा मिटला.

सेसिलियाने स्वतः असा एक तंटा मिटवला होता. बावीस वर्षांपूर्वी फेलिशियाचा नवरा समुद्रात बुडाला. तिने एकटीने खाचर लावलं, कापलं. पण आगेऱ्याच्या दिवशी ती अंगावर दुखणं घेऊन पडली होती म्हणून टोपली दिराने नेली. पुढच्याच महिन्यात दीर म्हणू लागला, शेत माझं. चर्चाच्या पायरीवर सगळे जमले. सेसिलिया आगेऱ्याला चर्चात पुढच्या रांगेत होती म्हणून तिला विचारलं, आणि तिने जे पाहिलं होतं ते सांगितलं. टोपली दिराच्या डोक्यावर होती. फेलिशिया म्हणाली, “पन सेसिल...” त्यावर तेवीस वर्षांची सेसिलिया ताठ मानेने म्हणाली, “रीत ती रीत. तिच्यात पन नसतो.” शेत गेलं. फेलिशिया तेव्हापासून दुसऱ्यांच्या शेतावर राबत होती, आणि सेसिलियाला आपण खरं बोललो ह्याचं समाधान होतं. खरं बोलून किती निवांत झोप लागते माणसाला!

कॉफीचा आगेरा ऑक्टोबरात कसा होणार? फळंच हिरवी. सेसिलियाने पाद्रीबाबांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, जानेवारीत बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांच्या सणाला आण, त्यांनीही दुरून कुठून कुठून काय काय आणलं होतंच की.

सणाच्या सकाळी ती चर्चापाशी आली. नवं लुगडं, केसांत अबोली, आणि टोपलीत काळमाचीची लालबुंद फळं, एकही हिरवं नाही, एकेक वेचून काढलेलं. वाडी बघायला लोटली होती. टोपली खाली ठेवून ती लुगड्याचा काष्टा नीट करत होती, तेवढ्यात समोर गिल्बर्ट उभा राहिला. अनवाणी. बूट हातात.

“बाय,” तो म्हणाला, “आज टोपली मी नेऊ?”

काष्टा खोचता खोचता तिचे हात थांबले.

“बाबांचं पहिलं पीक. मी त्यांच्यासाठी कधी काही केलं नाही. ते गेले तेव्हाही मी कचेरीत होतो. एकदा तरी त्यांची टोपली माझ्या डोक्यावर येऊ दे.” त्याचे डोळे भरून आले होते.

सेसिलियाची नजर त्याच्या पायांवर गेली. गोरे, मऊ पाय, खडीवर आखडलेले. नोकरी लागल्यापासून हा पोरगा अनवाणी चालला नव्हता. आज बापासाठी चालणार होता.

फेलिशिया तिथेच गर्दीत होती. पुढे होऊन तिने सेसिलियाचं मनगट धरलं. “टोपली देऊ नको, बाय.”

“अगं, तो माजा गिलू हाय!” सेसिलिया हसली. तुझ्या दिरासारखा नाही, हे ती बोलली नाही, पण तिच्या हसण्यात ते होतं आणि फेलिशियाला ते कळलं. तिने मनगट सोडून दिलं.

टोपली उचलायला दोन्ही हात लागतात. गिल्बर्टने बूट पुढे केले. “बाय, जरा धर.”

सेसिलियाने बूट घेतले. आणि ती त्याच्या मागून चर्चात गेली, मधल्या वाटेने, थेट वेदीपर्यंत, दोन्ही बूट छातीशी धरून. एवढी मिरवत ती जन्मात चालली नव्हती. पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं, लोकांनी माना लांब करून ती लाल फळं बघितली, आणि सेसिलियाने मनातल्या मनात बापाला सांगितलं, बघ, दोन्ही पोरं तुझी आली.

बारा दिवसांनी अंमलदार काळमाचीवर आला. बरोबर गिल्बर्ट होता आणि वाडीतली दोन माणसं, म्हातारा नॉर्मन आणि त्याचा चुलत भाऊ. सेसिलिया आणि ठमाबाई फळं वाळत घालत होत्या. अंमलदार भला माणूस होता. सगळी बाग हिंडला, झाडं मोजून घेतली, पांगाऱ्यांची चौकशी केली. मग धोंड्यावर बसून त्याने कागद काढला.

“बाग कोणी कसली?”

सेसिलियाला त्या प्रश्नाची गंमत वाटली. तिचे हात कोपरापर्यंत कॉफीच्या चिकाने माखले होते. आता हे नॉर्मनबाबा सांगतील, हीच ती डोंगरीण, आणि सगळे हसतील.

नॉर्मन घसा खाकरून म्हणाला, “सायेब, आमचे वाडीत रीत हाय. टोपली ज्याचे डोस्क्यावर, कसनार तो. तीन राजांचे सनाला टोपली गिल्बर्टचे डोस्क्यावर होती. सगल्यांनी बगली.” मग आपली साक्ष अधिक भक्कम व्हावी म्हणून त्याने आणखी जोडलं, “आन सेसिल त्याचे मागून त्याचे बूट घेऊन चालत होती.”

कोणी हसलं नाही. सेसिलियाने गिल्बर्टकडे पाहिलं. तो सांगेल. आत्ता म्हणेल, अहो नॉर्मनबाबा, ते बाबांसाठी होतं. गिल्बर्ट लांबच्या दरीकडे बघत उभा होता, जणू दरी त्याने पहिल्यांदाच पाहिली.

ठमाबाई मात्र उसळली. “सायेब, झारं बायनी लावली! पानी बायनी घातलं! ह्यो कवा आला?”

“तुम्ही ह्यांच्या वाडीतल्या?” अंमलदाराने विचारलं.

“मी ठाकरीन.”

“मग तुमची साक्ष धरता येत नाही. कागदात तसं लिहिलंय.” त्याला ते बोलताना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं. तो सेसिलियाकडे वळला. “बाई, तुम्हीच सांगा. टोपली ह्यांच्या डोक्यावर होती की नव्हती?”

“होती,” सेसिलिया म्हणाली. “पन...”

आणि ती थांबली. त्या ‘पन’च्या पुढे सात वर्षं होती, तीनशे झाडं होती, मानेवरचे घट्टे होते. पण तिच्या कानात तिचाच आवाज वाजत होता, तेवीस वर्षांचा, ताठ, बाणेदार. नॉर्मन तेव्हाही त्या पायरीवर होता. आत्ता तो मान खाली घालून जमीन उकरत होता, म्हणजे त्यालाही आठवत होतं. अंमलदाराने थोडा वेळ वाट पाहिली, मग टाक शाईत बुडवला.

सगळे उतरायला लागले तेव्हा गिल्बर्ट मागे राहिला.

“बाय, तू असं तोंड करू नकोस. थेल्माशी माझं ठरतंय. तिच्या घरची माणसं वांद्र्याची, त्यांना जमीनवाला जावई पाहिजे. आणि कागदावर नाव कोणाचं, ह्यानं काय फरक पडतो? तू आहेसच की. बाग तुझ्याशिवाय कोण बघणार?”

“त्या दिवशी अनवानी आलास,” सेसिलियाने विचारलं, “तो बापासाठी नाय?”

बुटाच्या नाडीची गाठ सुटली होती, ती बांधायला तो वाकला.

“रडलास पन, गिलू.”

तो वाकलेलाच राहिला. सेसिलियाला त्या क्षणी रागही आला नाही. केसाने गळा कापला म्हणतात, तसं दुखायच्या आधीच कापून झालं होतं. जमीन गेल्याचं दुःख पुढे मागे होणारच होतं. पण ते भरलेले डोळे, ते आखडलेले पाय, आठ दिवस आधी ठरवून आणलेले? वकिलाच्या कचेरीत बसून, कागदातली अट वाचून, मग आरशासमोर? ह्याला तिने दूध पाजलं होतं शेजारणींकडून मागून आणून. कुठल्या दुधाने हे आलं?

तिने झोपडीतून बापाचा कोयता घेतला, ठमाबाईला मिठी मारली आणि ती डोंगर उतरली. गिल्बर्टने तिला बागेबद्दल काही विचारलं नाही. चैत्रातल्या पाण्याचं तिने सांगितलं नाही.

माजिवड्यात ती घरी न जाता फेलिशियाच्या दारात जाऊन उभी राहिली. फेलिशिया जाळं विणत बसली होती. तिने वर पाहिलं आणि कोयता पाहून तिला सगळं कळलं.

“मी खरां बोलली होती, फेलिश,” सेसिलिया म्हणाली. तिला माफी मागायची होती, पण तोंडातून हेच आलं.

“हां,” फेलिशिया म्हणाली. “खरांच बोललीस. म्हनून तं कोनी तुना खोटी म्हनू शकला नाय. तू खोटी असतीस तं मना माजा शेत परत मिलाला असता.”

मग ती सरकली आणि उंबऱ्यावर तिने जागा केली.

त्या वर्षी चैत्र सेसिलियाला फार जड गेला. खाली भाताच्या खाचरात ढेकळं फोडताना तिला वरच्या कळ्या दिसत, मिटलेल्या, वाट बघणाऱ्या. एक दिवस न राहवून तिने आगगाडी पकडली. कल्याणला उतरून ती फलाटाच्या टोकाला जाऊन बसली. तिथून डोंगर दिसे. मनाशी म्हणत होती, झाडांनी काय केलंय? पाणी तर घालून यावं, मग परत यावं. पण मग तिला छातीशी धरलेले ते बूट आठवले. परतीची गाडी आली तेव्हा ती उठून तिच्यात बसली, आणि ठाण्यापर्यंत डोळ्यांना पदर लावून रडत आली. पाणी कोणी घातलं नाही. कळ्या जूनमध्ये पहिल्या सरीवर फुलल्या, दोन महिने उशिरा. हे ठमाबाईने नंतर सांगितलं.

पुढचा तीन राजांचा सण आला. सेसिलिया फेलिशियाबरोबर चर्चाच्या पायरीजवळ उभी होती. गिल्बर्ट आला. लग्न झालं होतं, थेल्मा तिच्या माणसांबरोबर आधीच आत जाऊन पुढच्या बाकावर बसली होती. गिल्बर्टने टोपली पायरीवर ठेवली. सेसिलियाने वाकून पाहिलं. हिरवी फळं. वर मूठभर लाल पसरलेली, खाली सगळी हिरवी, कोवळी, फांद्या ओरबाडून आणलेली. तिला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

गिल्बर्टने बूट काढले. आत घंटा वाजायला लागली होती, तो घाईत होता, इकडेतिकडे पाहताना त्याला बहीण दिसली. वर्षभर त्याने तिला तोंड दाखवलं नव्हतं. पण सवय ही सवय. त्याने बूट पुढे केले.

“बाय, जरा धर.”

सेसिलियाचा हात पुढे गेला. ती शपथेवर सांगेल की तिने तो नेला नाही, तो आपणहून गेला, तीस वर्षं जसा जात होता तसा. बोटं चामड्याला लागली. फेलिशियाने ह्या वेळी तिचं मनगट धरलं नाही.

सेसिलियाने हात मागे घेतला.

“नाय, गिलू,” ती हळूच म्हणाली. “तुजे बूट तूच धर.”

घंटा थांबली. बाकीचे सगळे आत गेले. एका हातात बूट घेऊन टोपली डोक्यावर चढत नाही, आणि बूट धुळीत ठेवायची त्याला सवय नव्हती. गिल्बर्ट एकदा वाकला, पुन्हा सरळ झाला, आणि हिरव्या फळांच्या टोपलीशेजारी अनवाणी उभा राहिला.